मागचे केस पुढे आणले, पुढे काय?

कोजागिरीला इंदूरमधल्या आमच्या लोकमान्य नगरातल्या गच्चीवर दूध आटायच्या आधी वादच उतू गेला. विषय होता शेजारच्या मुलाचं डोकं. मुलगा चोवीस वर्षांचा, सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरीला, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेले. दिवाळीच्या सुट्टीत हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यायचं त्यानं मनात घेतलं होतं आणि ते कसं कोण जाणे घरात फुटलं. वडील डोक्यावरची कॅप सारखी करत म्हणाले, "लाखभर रुपये घालून केस लावणार! केस काय खायचेत? आमच्या वेळी माणसाची अक्कल बघायचे." त्यावर पुतणे मंडळी तुटून पडली. काका, जमाना बदललाय, एका दिवसात होतं, टाके नाहीत, दुखत नाही, आयुष्यभराची कटकट मिटते, आणि स्वतःच्या पैशानं करतोय तर तुमचं काय जातंय? दीड तास हे चाललं. दूध तळाला लागलं. ज्याच्या डोक्यावरून एवढं रामायण झालं तो कठड्याला टेकून मोबाइल बघत होता. त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

हा वाद आता घरोघरी होतो आणि बहुतेक ठिकाणी असाच आंधळा होतो. एक बाजू म्हणते, गेलेले केस परत आणायची गरजच काय? दुसरी म्हणते, येत असतील तर का आणू नयेत? दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: शस्त्रक्रियेनं केस परत येतात. ते येत नाहीत. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातली मुळं उचलून पुढे लावतात, एवढंच. डोक्यावर एक केस नव्यानं वाढत नाही, फक्त मागचा पुढे येतो. 'याची टोपी त्याला' म्हणतात तसं, फरक इतकाच की इथे दोन्ही डोकी एकाच माणसाची. म्हणून हौस बरी की वाईट, हा माझ्या लेखी प्रश्नच नाही. प्रश्न हिशोबाचा आहे. योग्य डोक्यावर, योग्य वयात, शिकलेल्या हातानं केली तर ही चांगली शस्त्रक्रिया आहे; पंचविशीच्या आतल्या बहुतेक मुलांसाठी ती चुकीची आहे. आणि हा हिशोब मुलं करत नाहीत, याचं मोठं कारण गच्चीवरचे आपणच आहोत. आपण हसतो, म्हणून ती लपवतात. लपवतात, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नाही.

आधी ज्या बाजूला माझ्या पिढीचे लोक झुकतात ती घेऊ. केस म्हणजे क्षुल्लक गोष्ट, हे म्हणणं ऐकायला भारदस्त वाटतं. पण आपल्याच समाजानं केसांना कधी क्षुल्लक मानलं? नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, ही रीत ज्यांनी चालवली त्यांना केसांची ताकद नेमकी कळत होती. माणसाला जिवंतपणी हिशोबातून काढायचं तर आधी त्याचे केस काढा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, तेव्हा ती सामाजिक घटना ठरली. केस काय खायचेत, असं तेव्हा कुणी म्हणालं नसेल.

'आमच्या वेळी अक्कल बघायचे' हेही अर्धंच खरं. त्याही आधी पगडी बघायचे. आमच्या या होळकरांच्या गावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रतिष्ठित गृहस्थ बोडक्या डोक्यानं घराबाहेर पडत नसे. आत शेंडी आणि घेरा, वर पगडी, नाहीतर रुमाल. त्याचं टक्कल दिसणार कुणाला? हजामतीनं केलेलं आणि निसर्गानं केलेलं यांत फरकच उरत नव्हता. पगडी गेली, टोपी गेली, 'इंग्लिश कट' आला आणि डोकं उघडं पडलं. टक्कल तेव्हाही पडत होतं, त्याची लाज मात्र नवी आहे. नवी असली म्हणून खोटी ठरत नाही. स्थळं बघताना मुलीच्या मावशीनं फोटो मोठा करून कपाळावर बोट ठेवलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला मनाच्या सौंदर्यावर व्याख्यान देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. मी स्वतः पस्तिशीत पुरता तुळतुळीत झालो. 'चंद्र उगवला' पासून 'कंगवा कुणाला देऊन टाकलास' पर्यंत सगळं ऐकलंय आणि हसून ऐकलंय. ते हसू दरवेळी खरं नव्हतं.

तेव्हा पुतणे मंडळींचं निम्मं मला मान्य आहे. दुःख खरं आहे, शरीर त्याचं आहे, पैसा त्याचा आहे. तंत्र सुधारलंय हेही खरं. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख या त्वचारोगतज्ज्ञानं १९५२ मध्ये टक्कल पडलेल्या माणसावर असं पहिलं रोपण केलं आणि १९५९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच्या आधी, १९३९ मध्ये, जपानच्या शोजी ओकुदा यांनी भाजून केस गेलेल्या जागी, भुवयांवर असेच बारीक गोल तुकडे लावले होते, पण युद्धाच्या धामधुमीत ते पश्चिमेला कळलंच नाही. ओरेंट्राइखनं दाखवलं ते असं: मागच्या भागातलं मूळ पुढे नेऊन लावलं तरी ते मागच्या स्वभावानंच वागतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. पुढच्या आणि माथ्यावरच्या मुळांना ते सोसत नाही. केस गळून पुन्हा उगवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात मूळ आणखी बारीक होतं, केसाची लव होते आणि मग तीही दिसेनाशी होते. मागच्या मुळांना त्याचं फारसं काही वाटत नाही. कलमी आंब्याची फांदी रायवळ खोडावर बांधली तरी फळ कलमाचंच लागतं, तसंच हे. 'आयुष्यभर टिकतं' ही जाहिरात यावर उभी आहे, आणि ती बरीचशी खरी आहे.

घोटाळा नेमका या खरेपणात आहे. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस टिकत नाहीत. शस्त्रक्रिया झाली म्हणून डीएचटी रजेवर जात नाही. टक्कल पडणं ही एक दिवस घडून संपलेली गोष्ट नाही, ती वीस-तीस वर्षं चालणारी गोष्ट आहे. चोवीसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली आणि बत्तिसाव्या वर्षी तिच्या मागची जमीन मोकळी झाली, तर पुढे झाडीचा पट्टा, मध्ये माळरान आणि मागे पुन्हा झाडी, असं डोकं उरतं. ते लपवता येत नाही आणि साध्या टकलासारखं मिरवताही येत नाही.

असं पूर्वी होऊन गेलंय. ओरेंट्राइखच्या पद्धतीत सुमारे चार मिलिमीटर व्यासाचे गोल तुकडे लावत. एकेका तुकड्यात दहा-वीस केस. पुढची दोन-अडीच दशकं जगभर हेच चाललं. सुरुवातीला आसपास मूळचे केस होते तोवर ते झाकून गेलं. मग मूळचे गेले आणि कपाळावर बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके रांगेत उभे राहिले. त्या माणसांनाही 'कायमचे' असंच सांगितलं होतं, आणि ते कायमचे निघाले हेच दुर्दैव. पुढच्या पिढीच्या सर्जनांना ते झुबके काढून, फोडून पुन्हा लावत बसावं लागलं. आज एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका, ज्याला ग्राफ्ट म्हणतात, तोच सुटा उचलतात, त्यामुळे झुबके दिसत नाहीत. पण म्हणून दोष संपला का? पूर्वी तो लावण्याच्या तऱ्हेत होता, आता तो वय न बघता लावण्यात आहे. चुकीच्या वेळी लावलेली सुंदर रेघ चुकीच्याच जागी म्हातारी होते.

आता हिशोब. आकडे माणसागणिक बदलतात, पण ढोबळ मानानं बघू. दाट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरला पाऊणशेच्या आसपास पुंजके असतात असं धरा. पुढून माथ्यापर्यंत पूर्ण टक्कल पडलं तर उघडी जागा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. म्हणजे गेले किती? पंधरा हजार. आणि मागच्या पट्ट्यातून उभ्या आयुष्यात उचलता येतात किती? चांगला पट्टा असेल तर पाच-सहा हजार. त्याहून जास्त उचलले तर मागे विरळ दिसू लागतं. एक ठिगळ लावायला दुसरीकडे भोक. सहा हजार दोनशेत वाटले तर चौरस सेंटिमीटरला तीस पडले. मूळच्या निम्मेही नाहीत, आणि गंमत अशी की केस साधारण निम्मे गेल्यावरच डोळ्याला विरळपणा जाणवतो. म्हणजे शिलकीतला पैन् पै खर्च केला तरी डोकं तिथेच पोचतं, जिथे माणूस पहिल्यांदा आरशात बघून दचकला होता.

इंदूरला हे पाण्यावरून पटकन कळेल. बिलावली, सिरपूर, यशवंत सागर हे तलाव पुरेनात तेव्हा १९७८ मध्ये नर्मदा जलूदहून सत्तर किलोमीटर वर आणली, आणि शहर वाढतच राहिलं. डोक्याला अशी बाहेरची नर्मदा नाही. दाढीचे केस काही प्रमाणात वापरतात, पण ते राठ असतात, भर म्हणून चालतात. प्रयोगशाळेत मुळं वाढवून हवी तितकी लावण्याची गोष्ट वर्षानुवर्षं ऐकतोय; बाजारात तो इलाज आलेला नाही. दुसऱ्याची मुळं शरीर स्वीकारत नाही, त्यासाठी जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतील. तेव्हा जे आहे ते मागच्या तळ्यात आहे, आणि ते एकदाच उपसता येतं.

म्हणून चांगला सर्जन खरं तर वाटणी करून देणारा माणूस असतो. पुढे लावू की भोवऱ्यात? पुढची रेघ चेहऱ्याला चौकट देते, थोड्या केसांत मोठा फरक दिसतो. भोवरा मात्र राक्षस आहे. तिथे केस चारी दिशांना फाकतात, एकावर एक पडत नाहीत, हजार ग्राफ्ट गिळून 'आणखी आण' म्हणतो. त्यात केसांची जाडी, कुरळेपणा, टाळूचा रंग. काळे केस आणि गोरी टाळू असेल तर प्रत्येक फट चमकते, आणि सावळ्या टाळूवर तेवढेच केस दाट भासतात. (गोरेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या काही नातेवाइकांना हे सांगताना मला झालेला आनंद मी लपवला नाही.) कॉलेजातला फोटो दाखवून 'अशीच रेघ काढा' म्हणणाऱ्या मुलाला हो म्हणणारा सर्जन त्याचं पन्नासाव्या वर्षीचं डोकं विकतोय. सतराव्या वर्षीची कपाळरेषा बहुतेक पुरुषांची पंचविशीपर्यंत थोडी मागे जातेच. ते टक्कल नव्हे, ती वाढ आहे.

माझ्या भाच्याचं हेच झालं. चोविसाव्या वर्षी गेला, एकटाच गेला. घरी 'मित्राच्या लग्नाला चाललोय' सांगून तीन दिवस दुसऱ्या शहरात राहिला. क्लिनिकचं नाव सांगत नाही, त्यानं काही साधणारही नाही. तीन हजार ग्राफ्ट, खाली आणि सरळ ओढलेली रेघ, हप्त्यांची सोय. गोळी-औषधाचा विषय निघाला तेव्हा 'आता त्याची गरज नाही' असं सांगितलं गेलं. दोन वर्षं खूश होता. आज एकतिशीचा आहे. रेघ जागेवर आहे, तिच्या मागे तळहाताएवढी जागा रिकामी, आणि मागच्या पट्ट्यात बारीक पांढरे ठिपके, कारण 'बिना दाग' म्हणतात त्या पद्धतीतही प्रत्येक ग्राफ्टमागे एक ठिपका राहतोच. केस बारीक कापले की दिसतो. दुसऱ्यांदा करायला गेला तर सर्जन म्हणाले, शिल्लक फार नाही, माथा पूर्ण भरणार नाही. बहिणीनं मला फोन करून दोष दिला: "मामावर गेलाय." तो आळ मी अर्धाच स्वीकारला. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं हे खरं, पण टक्कल दोन्ही घरांतून येतं. मेव्हण्यांचं डोकं मी लग्नातच बघून ठेवलं होतं.

औषधांबद्दल एवढंच, की टक्कल थोपवायचं काम तीच करतात, शस्त्रक्रिया नव्हे. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या संशोधकानं वृषणं काढलेल्या पुरुषांचा अभ्यास करून दाखवलं की पुरुषी संप्रेरकाशिवाय हे टक्कल पडतच नाही. त्याच वाटेनं पुढे डीएचटी कमी करणारं फिनास्टेराइड आलं. अमेरिकेत १९९७ मध्ये केसांसाठी त्याला मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. त्यानं अंगावर केस वाढतात असं दिसलं, म्हणून १९८८ मध्ये ते टाळूवर आलं. दोन्ही चालू ठेवावी लागतात, थांबवली की काही महिन्यांत कमावलेलं जातं. फिनास्टेराइडनं थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, हे डॉक्टरशी तोंड उघडून बोलायला हवं. पण 'एकदाच करा, मोकळे व्हा' विकणाऱ्याला 'वर्षानुवर्षं गोळी घ्या' हे वाक्य परवडत नाही.

आणि प्रत्येक गळती या जातीची नसतेही. डेंग्यू, टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं जातात आणि आपोआप भरून येतात. चाई वेगळी. थायरॉइड, लोह कमी असणं वेगळं. बायकांचे केस बऱ्याचदा सगळीकडूनच विरळ होतात, मग उचलायचे कुठून? खुर्चीत बसवण्याआधी निदान करणारा कुणीतरी हवा, आणि ते काम गोड आवाजात फोन करणाऱ्या काउन्सेलरचं नाही.

इथे पुतण्यांचा सर्वांत जड मुद्दा येतो. प्रौढ माणूस आहे, माहिती घेतो, ठरवतो. तुम्ही कोण सांगणारे? मी त्याला अडवत नाही. पण माहिती तो घेतो कुठून? दोन फोटोंतून. डावीकडे तेल लावून, भांग पाडून, डोक्यावर दिवा मारून काढलेला. उजवीकडे केस फुलवून, मान खाली न घालता काढलेला. वेळापत्रक तरी कुणी सांगतं का? लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी लव दिसू लागते, खरं रूप यायला वर्ष, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. आमचा शेजारचा मुलगा दिवाळीत करून घेणार होता, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात आणि स्थळं बघणं सुरू होतं. म्हणजे मार्गशीर्षात मुलीकडचे बघायला येतील तेव्हा डोकं आजच्याहून वाईट असणार, लाल आणि बोडकं. आणि लग्नात? लग्नात तर डोक्यावर फेटा असतो.

गुडघ्याचं ऑपरेशन असलं की आपण काय करतो? पालसियाला एका डॉक्टरला दाखवतो, गीता भवनाजवळ दुसऱ्याला, ज्याचं झालंय त्याच्या घरी जाऊन त्याला चालवून बघतो, जावयाला सोबत नेतो. मोतीबिंदूसाठी चार शेजारी भिंगांच्या किमती तोंडपाठ सांगतात. आणि डोक्यात तीन हजार भोकं पाडायला माणूस रात्रीच्या बसनं एकटा जातो, खोटं नाव सांगून लॉजवर राहतो. त्याच्या वतीनं विचारणारं कुणी नाही. छेद कोण देणार, डॉक्टर की हाताखालचा पोरगा? दिवसात किती ग्राफ्ट लावणार? भूल किती देणार? उरलेला पट्टा किती, ते लिहून देणार का? आपल्या हसण्यानं त्याची हौस कमी झाली नाही. आपण फक्त त्याच्या सोबतचा माणूस काढून घेतला. दुकानदाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कोणतं?

हे दचकवण्यासाठी म्हणत नाही. ही भूल देऊन केलेली, सात-आठ तासांची शस्त्रक्रिया आहे, आणि टाळूत टोचल्या जाणाऱ्या लिग्नोकेन या भुलीच्या औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते; ती ओलांडली तर झटके येतात, हृदय थांबू शकतं. २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट करून घेतलेल्या एका व्यावसायिकाचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मृत्यू झाला, २०२५ मध्ये कानपूरला दोन अभियंत्यांच्या मृत्यूनंतर गुन्हा दाखल झाला आणि आरोपी दंतवैद्य निघाली. असे मृत्यू फार विरळा आहेत, चांगल्या हातात ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे, हे कबूल. पण चांगला हात ओळखणार कसा? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की हे काम त्वचारोग किंवा शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनं करायचं, तंत्रज्ञानं फक्त त्याच्या देखरेखीखाली मदत करायची, आणि यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेत बसून शिकणं पुरेसं नाही. हे लिहून सांगावं लागलं, यातच सगळं आलं. कायद्याची नजरही बघण्यासारखी आहे. औषधांच्या नियमांत ज्या आजारांवर इलाज केल्याचा दावा करायचा नाही अशी एक यादी आहे, अनुसूची 'जे'. त्यात टक्कल आहे. जीएसटीत वैद्यकीय सेवांना सूट आहे, त्यातून केशरोपण नाव घेऊन वगळलंय; अपघात किंवा जन्मजात दोषासाठी केलं तरच सूट. सरकारच्या लेखी ही खरेदी आहे. ठीक आहे, खरेदी तर खरेदी. मग पावती नीट हवी. ग्राफ्टमागे पैसे घेतात तर किती ग्राफ्ट, त्यांत एका केसाचे किती, दोन-तीन केसांचे किती, हे त्यावर असायला काय हरकत आहे? पुंजका फोडून एकाचे दोन करता येतात, आणि बिल दुप्पट होतं.

आता ज्यांच्यासाठी ही खरंच चांगली, त्यांच्याबद्दल. पंचेचाळिशीचे एक परिचित आहेत. पुढचं गेलेलं, पण दहा वर्षांत माथा हललेला नाही. मागचा पट्टा दाट, केस जाड. त्यांनी वर्षभर गोळी घेऊन बघितली, मग अडीच हजार ग्राफ्ट, वयाला शोभेल अशी थोडी मागची, थोडी वाकडीतिकडी रेघ. बायको सोबत गेली होती. 'नवरदेव' म्हणून चार दिवस चिडवलं, मग सगळे विसरले. विसरले हेच यश. चांगलं रोपण दिसत नाही. त्यांना पूर्वीचे केस मिळाले नाहीत, चेहऱ्याला चौकट मिळाली, आणि तेवढंच त्यांनी मागितलं होतं. भाजल्याच्या, अपघाताच्या व्रणावर भुवई उगवलेली मुलगी बघितली की ओकुदांना हात जोडावेसे वाटतात. या लोकांना 'मनाचं सौंदर्य' ऐकवणाऱ्यांनी थोडं गप्प बसावं.

कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी त्या शेजारच्या मुलाचा फोन आला. "काका, तुम्ही याल का माझ्यासोबत? घरी नका सांगू." मी म्हटलं, घरी सांगणार नाही, पण कुठे जायचं ते मी ठरवणार. आम्ही एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्या स्वतः ट्रान्सप्लांट करतात, तरी त्यांनी भिंगातून अर्धा तास डोकं बघितलं, मागचा पट्टा मोजला, औषधाचं सांगितलं, त्याचे धोके सांगितले, आणि म्हणाल्या, "वर्षभरानं फोटो घेऊन या. तेव्हा बघू. आज मी हात लावणार नाही." मुलगा थोडा हिरमुसला. मग त्यांनी विचारलं, "बाबांचं डोकं कसं आहे? तिशीतला एखादा फोटो आहे का? तुमचं पुढे कुठवर जाईल त्याचा अंदाज येतो."

त्यानं मोबाइल काढला. लग्नाचा फोटो सापडला, बाबा फेट्यात. महाबळेश्वरचा सापडला, बाबा टोपीत. बारशाचा, मुंजीचा, ओंकारेश्वरचा, नव्या स्कूटरचा. सगळीकडे काही ना काही डोक्यावर. बराच वेळ तो बोट सरकवत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, मी पण कधी पाहिलं नाहीये."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या."